अक्का, पुसू का?

अक्का,

तुमचा लॅपटॉप माझ्या जेवणाच्या टेबलावर उघडा आहे. तुमचंच विरजण त्याला लावलंय. पडद्यावर तीच खिडकी आली आहे आणि खाली तीच दोन बटणं आहेत, ‘सर्व पुसा’ आणि ‘मागे’. रविवारची दुपार आहे, खाली तुमच्या दाराला कुलूप आहे, आणि मी मघापासून नुसती बसून आहे. कॉम्प्युटर विभागात इतकी वर्षं काढलेली बाई मी. ऑफिसात जुनी यंत्रं पुसून कोरी करते आणि हात झटकून चहाला जाते. आज बोट उचलत नाही.

मुरलीनं सांगून ठेवलंय. तुमचं तेरावं झाल्यावर सिंगापूरला परत निघताना त्यानं घराच्या किल्ल्या आणि हा लॅपटॉप माझ्या हातात दिला आणि इंग्रजीत म्हणाला, अम्माचं सगळं काढून टाका आणि कोणा गरजूला देऊन टाका. शहाण्यासारखंच बोलला. तुमचा मुलगा नेहमी शहाण्यासारखंच बोलतो, पण आपल्या भाषेत बोलत नाही, हीच तर तुमची तक्रार होती. ‘मी मराठीत पुसत्यें, तो तमिळमधे सांगतो, सून इंग्रजीत हसते,’ असं तुम्ही म्हणायचात आणि स्वतःच हसायचात. त्या हसण्याच्या शेवटी तुम्ही पदर उगाच नीट करायचात, ते मला दिसायचं.

आपली पहिली भेट आठवते ना? माझी बदली तमिळ मुलुखात, आवडीला झाली तेव्हा सांगलीत सगळ्यांनी माझी थट्टा केली. नावच असं, की आवडो न आवडो, राहायचं आवडीलाच. स्टेशनजवळ तुमच्या घराचा वरचा मजला भाड्यानं मिळाला. सामान लावून, फरशी पुसून मी जरा टेकते तोच दार वाजलं. दारात तुम्ही उभ्या होतात. नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, हातात डबरा-टंबलरमधली, म्हणजे वाटी-पेल्यातली कॉफी. म्हणालात, “मेधा ना गे तुझं नाव? पुसायला आलें.” मी खाली फरशीकडे बघितलं आणि म्हटलं, “अहो नको नको, आत्ताच पुसलंय मी सगळं.” तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मी तुमच्याकडे. मग तुम्ही चौकशी सुरू केलीत. गाव कोणतं, माणसं किती, तिखट किती खातेस, झोप लागते का. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की तंजावरकडच्या मराठीत पुसणं म्हणजे विचारणं.

पुढे कितीतरी दिवस तुम्ही आल्यागेल्याला ती गोष्ट सांगत होतात. “हिला पुसायला गेलें तर ही फडकं दाखवत्ये!”

आणि आपला वाद तिथूनच सुरू झाला. मी सांगलीची, मला वाटायचं माझी मराठी खरी. तुमचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी तिकडून निघाले, त्यामुळे तुम्हाला वाटायचं की खरी मराठी तुम्ही शिदोरीसारखी बरोबर आणलीत आणि मागे राहिलेल्यांनी ती बिघडवली. त्यात तुम्ही सरकारी वसाहतीतल्या शाळेत जन्मभर हिंदी शिकवलेलं. तमिळ मुलांना हिंदी शिकवलेल्या बाईशी वाद घालायचा म्हणजे दगडावर डोकं आपटायचं. “हिंदीत पूछना, आमच्यात पुसणं,” तुम्ही म्हणायचात. “आणि तुमच्यात काय? नुसतं फडकं!” मी म्हणायची, “अक्का, जुनं झालं ते. आता मराठीत पुसणं म्हणजे फक्त पुसणंच.” तुम्ही म्हणायचात, “जुनं झालं म्हणून काय टाकायचं? मग मलाही टाक.”

या लॅपटॉपचं निमित्त झालं आणि वाद विकोपाला गेला.

मुरलीनं तो पाठवला होता, नातीचा चेहरा बघता यावा म्हणून. इवलासा, पाटीएवढा, सीडी घालायला जागासुद्धा नसलेला. वर्षभरात त्यात इतके व्हायरस शिरले, की सुरू होईपर्यंत कॉफी थंड व्हायची. “पावम,” तुम्ही त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायचात, बिचारं या अर्थानं, जसं काही त्याला ताप आलाय. मी सांगितलं, याच्यातली सगळी प्रणालीच बदलू, फुकट मिळणारी चांगली घालू. सीडी जात नाही, तर पेन ड्राइव्हवरून घालता येते. तुम्ही एवढंच ऐकलंत, आणि स्टेशनजवळच्या ब्राउझिंग सेंटरमधे जाऊन बसलात. सोबत थर्मास, हातपंखा आणि नवा पेन ड्राइव्ह. फाइल उतरायला दुपार गेली. संध्याकाळी मी घरी येते तर तुम्ही विजयी मुद्रेनं ओसरीवर बसलेल्या. “घातली गे फाइल यात. आता लावलं की झालं.”

लावलं. काही झालं नाही. लॅपटॉपनं ढुंकूनही पाहिलं नाही.

मग मी समजावलं, की नुसती फाइल पेन ड्राइव्हवर ठेवून चालत नाही. ती उलगडून अशी लिहावी लागते, की यंत्र जागं होतानाच पेन ड्राइव्ह त्याला उठवू शकेल. तुम्ही क्षणभर विचार केलात आणि म्हणालात, “म्हणजे दुधाच्या पातेल्याशेजारी दह्याची वाटी ठेवून दही लागत नाही.” अक्का, मी या धंद्यात शिकलेल्या कोणाच्याही तोंडून इतकं नेमकं ऐकलेलं नाही. मी म्हटलं, “बरोबर. विरजण लावावं लागतं.” तुम्ही एकदम थबकलात. “काय म्हणालीस? विरजण?” तुमच्या आजीच्या तोंडी होता तो शब्द, मग घरात तमिळ ‘उरै’ आला आणि विरजण कुठे गेलं ते कोणाला कळलंच नाही. तुम्ही तो शब्द दोनतीनदा पुटपुटलात. मग पेन ड्राइव्हला पांढरी चिकटपट्टी लावलीत आणि फळ्यावर लिहावं तसं टपोऱ्या अक्षरात लिहिलंत: विरजण. ती पट्टी आता मळली आहे, पण अक्षर तसंच आहे.

माझ्या लॅपटॉपवर बसून आपण ते नीट तयार केलं. मग तुमच्या यंत्राला लावून बटण दाबलं, आणि सुरुवातीलाच ती एक कळ दाबायची तर तुमचं बोट दर वेळी उशिरा पोचायचं. शेवटी तुम्ही देवळातली घंटा बडवावी तशी ती कळ बडवत राहिलात. आणि पडदा उजळला. पहिलाच प्रश्न होता भाषेचा. लांबच लांब यादी. तुमचं बोट खाली सरकत होतं, हिंदीवरून गेलं, तमिळवरून गेलं आणि थांबलं.

“मेधा, हे बघ. मराठी.”

तुमचा आवाज असा झाला होता, की मी चेष्टा करायला उघडलेलं तोंड मिटलं. तुम्ही चष्मा काढून पुन्हा घातलात. “आपलं नाव आहे गे यादीत. सिंगापूरला दाखवायला हवं. ती पोर म्हणत्ये, पाटी, तुझी भाषा कुठल्या देशाची?” तुम्ही तिची पाटी, म्हणजे आजी; तिचा तो प्रश्न तुम्हाला किती लागला होता ते मला तेव्हा कळलं. तुमच्यानंतर या घरात ही भाषा कोणी बोलणार नव्हतं, आणि तुम्हाला ते पुरतं ठाऊक होतं. यंत्राला तरी ती येते, एवढाच तुमचा आनंद होता.

मी आपली व्यवहारी. म्हटलं इंग्रजी ठेवा, अडलं तर मदत मिळते. तुम्ही म्हणालात मराठीच. मी म्हटलं बरं, पण आज नको, आधी फोटो दुसरीकडे उतरवून घेऊ, उद्या संध्याकाळी बसू. “सेरी,” तुम्ही म्हणालात, म्हणजे ठीक आहे. तुमच्या सेरीचा अर्थ ‘मला हवं तेच करणार’ असा असतो, हे एव्हाना मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी फाटकातून आत येते तर तुम्ही उभ्याच. “झालं! एकटीनं केलें. एकदाही अडलें नाही!” आणि मग तक्रारीच्या सुरात: “पण तुझं यंत्र लबाड आहे गे. दोन बटणं होती. मी म्हटलं, आपण नवीन माणूस, त्यानं पुसून पुसूनच करावं. ‘सर्व पुसा’ दाबलें. अस्कें पूस म्हटलं तर मेल्यानं एक शब्द पुसलं नाही! सरळ पुढेच गेलं.”

माझ्या हातातली पिशवी खाली कशी ठेवली ते मला आठवत नाही. मी एवढंच म्हटलं, “अक्का, फोटो?”

तुमच्या यजमानांच्या, रावकाकांच्या साठीचे फोटो त्यात होते. तुमच्याकडे साठीला नवराबायकोचं पुन्हा लग्न लावतात, तसं तुमचं लागलं होतं. मुरलीनं आपल्या नव्या कॅमेऱ्यानं सगळं टिपलं होतं आणि एकही फोटो कागदावर काढून आणायचा राहिला होता. पुढच्या वर्षी रावकाका गेले. सिंगापूरच्या कॉम्प्युटरवर होते ते मुरलीचा कॉम्प्युटर बिघडला तेव्हाच गेले होते. उरले होते ते एवढेच.

मी काय काय करून पाहिलं ते तुम्ही बघितलंत. गेलेलं परत आणणारे सगळे उपाय मी लावले. चार तुकडे हाती लागले, त्यात एकात नुसती केळीची पानं होती आणि एकात कोणाची तरी पाठ. मला तुमच्याकडे बघवत नव्हतं. मी तुम्हाला ‘पुसा’चा अर्थ सांगितला तेव्हा तुम्ही फक्त म्हणालात, “काय शब्द गे हा. आमच्यात माणूस माणसाला पुसतो. तुमच्यात माणसालाच पुसून टाकतात.”

तुम्ही रडला नाहीत. मला वाटलं, रडलात तर बरं. मी म्हटलं, निदान आता तरी भाषा इंग्रजी करू, पुन्हा असं व्हायला नको. तेव्हा तुम्ही शाळेतल्या बाईंच्या आवाजात म्हणालात, “एकदा चुकलें म्हणून भाषा टाकत्यें काय मी? बैस. पुढचा शब्द काय आहे तो सांग.” त्यानंतर आपण पडद्यावरचा एकेक शब्द घेऊन बसलो. कुठला कळला, कुठला नाही, कुठल्याला तुमच्यात काय म्हणतात. तुमचा हट्ट मोठा, अक्का. मला त्याचा राग यायचा आणि मनातून मी त्याला हात जोडायची.

मग एका सकाळी, तुम्ही शेवग्याच्या शेंगा तोडत असताना, कोणी काही न विचारता तुम्ही पहिला फोटो सांगितलात. कलशावरचा नारळ, मागे तुमच्या नणंदेचा अर्धा चेहरा, डाव्या कोपऱ्यात वाकलेला आचारी. दुसऱ्या सकाळी दुसरा. कॉफी घेता घेता तुम्ही सांगायचात आणि मी ऐकायची. कुठल्या साडीचा काठ कसा होता, रावकाकांच्या उपरण्यावर हळद कुठे सांडली होती. मला रावकाका कधी भेटले नाहीत, पण आज विचाराल तर त्यांची उभं राहण्याची तऱ्हा मी सांगू शकेन. तुम्ही मला तेवढं सगळं दिलंत, यंत्रानं नेलेलं. त्याबद्दल मी कधी आभारसुद्धा मानले नाहीत. आपल्यात तसं बोलायची पद्धत नाही, असं मला वाटायचं. आता मानते.

एकच फोटो राहिला. रावकाका हसताहेत, गळ्यातला हार सरकून कानावर आलाय, आणि तुम्ही तोंडाला पदर लावलाय. एवढं सांगून तुम्ही थांबलात. “का हसत होते?” मी म्हटलं. तुमचे गाल लाल झाले, खरंच झाले, या वयात. “ते मागाहून सांगत्यें.” मी पुन्हा विचारलं नाही. आपला रोजचा जिना, रोजची कॉफी. मला वाटलं, कुठे जातेय ती गोष्ट? सांगतील केव्हातरी.

ते केव्हातरी आलं नाही. मी सांगलीला गेले होते. निघताना तुम्ही डब्यात पुळीहोरा, तुमचा तो चिंचेचा भात, दिलात आणि “लोकर ये” म्हणालात. लवकर आले, पण तुमच्यासाठी नाही आले, तुमच्यामागे आले. घरात गर्दी होती. लोक मुरलीजवळ येऊन बसत होते, तमिळमधे दोन शब्द बोलत होते, उठत होते. माझ्या आईचा फोन आला. मला म्हणाली, “त्यांच्या मुलाची नीट विचारपूस कर हो, एकटा पडला असेल.”

विचारपूस, अक्का! मी फोन हातात घेऊन जिन्यात बसले. जन्मभर वापरला तो शब्द, आणि त्याच्या शेपटीला तुम्ही बसलेल्या आहात हे मला कधी दिसलं नाही. मग रांगच लागली. म्हातारपणी कोण पुसतंय, असं माझी आजी म्हणायची. एवढी वर्षं मी तुम्हाला ठणकावून सांगत होते, की आमच्यात पुसणं म्हणजे फक्त फडकं. आणि माझ्याच तोंडात तुमचा अर्थ जिवंत होता. मला धावत खाली येऊन हे तुम्हाला सांगायचं होतं. खाली तुम्ही होतात, पण ऐकायला नव्हतात. किती खूश झाला असतात. आठवडाभर मला जगू दिलं नसतंत.

तर हे असं. आज मी शहाण्या माणसाचं काम करायला बसले. विरजण लावलं, कळ बडवली, भाषा मराठी घेतली, आणि इथपर्यंत आले. ‘सर्व पुसा’. इथवर लिहूनही बोट उचलेना, तेव्हा वाटलं, मुरलीला एकदा फोन करून खात्री करून घ्यावी. परवानगी त्याची आणि पाप त्याचं, असा माझा भित्रा हिशेब.

आम्ही दोघं नेहमी इंग्रजीतच बोलतो. आज कसं कोण जाणे, पडद्यावर मराठी होती म्हणून असेल, माझ्या तोंडून मराठीच गेलं. “मुरली, मी मेधा. अक्कांच्या लॅपटॉपवर बसल्येय. मग, पुसू ना?”

  पलीकडून त्याचा आवाज आला, हळू, अडखळत, अंधारात न दिसणाऱ्या पायरीवर पाय ठेवावा तसा.

“पुसा की. काय पुसायचं आहे?”

अक्का, तो मराठीत बोलला. तुमच्या मराठीत बोलला. त्याला दुसरी येतच नाही ना! पुसणं म्हटल्यावर त्याला फडकं आठवलं नाही, तुम्ही आठवलात. मी काही पुसायच्या आतच तो बिचारा पलीकडून पुन्हा म्हणाला, “पुसा ना. मला येतं ते सांगतो.”

मग मी पुसलं. साठीच्या त्या फोटोत अप्पा का हसत होते?

तो हसला.  मग मराठीत, मधे मधे तमिळची काठी टेकत, त्यानं सांगितलं. संकल्पाच्या वेळी गुरुजींनी विचारलं, वधूचं नाव काय. एवढी माणसं, एवढा धूर, आणि रावकाका गोंधळले की थट्टा करत होते ते आजवर कोणाला कळलेलं नाही. ते गुरुजींना म्हणाले, “थांबा हो, पुसून सांगतों.” आणि भर मांडवात तुमच्याकडे वळून म्हणाले, “काय गे, तुझं नांव काय?”

आता कळलं तुम्ही का थांबलात. ज्या शब्दानं तो फोटो गेला, तोच शब्द त्या फोटोत होता. तुमच्यानं तो उच्चारवला नसेल.

“तुम्ही फोटो काढत होता ना?” मी म्हटलं.

“होय,” तो म्हणाला. “माझा हात हालत होता. मी पण हसत होतों.”  तो तिकडे, मी इकडे, आपापले डोळे पुसत होतो. हा अर्थही आहे की शब्दाला, अक्का, तोही राहू द्या. शेवटी त्यानंच विचारलं, की पुढच्या रविवारी फोन केला तर चालेल का. नातीला पण बसवतो म्हणाला. तिला काही पुसायचं असेल.

लॅपटॉप कोणाला द्यायचा नाही, असं ठरलंय. मी ‘मागे’ दाबलं. विरजण काढून माझ्या कुंकवाच्या डबीशेजारी ठेवलंय, कोरडं राहील असं. तुमचं यंत्र नेहमीसारखं उघडलं, तुमच्या भाषेत.

वाद तुम्ही जिंकलात. हे सांगायला मी मघाशी खरंच जिना उतरून खाली गेले आणि कुलूप बघून परत वर आले. आता माझं दार नुसतं लोटून ठेवलंय, कडी लावलेली नाही. काही पुसायला आलात, तर उगाच वाजवत उभं राहायला नको.